बुलेट ३५० ला ५०० चा ब्लॉक बसवावा का? करूळ घाट, उसाच्या ट्रॉल्या आणि इंजिनाची धग

सर्जा३५० | १० जानेवारी, रात्री १०:४०

मंडळी, महिनाभर डोक्यात एकच विषय घोळतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी क्लासिक ३५०, २०१२ ची, कार्बोरेटरवाली यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये). ६१ हजार किलोमीटर झालेत. वडिलांनी रिटायर झाल्यावर हातात आलेल्या पैशातून घेऊन दिली होती, त्यामुळं विकायचा प्रश्नच नाही. एरवी घर ते शिरोली एमआयडीसी, तेवढ्यात काही अडचण नाही. पण महिन्यातून दोनदा बायकोला घेऊन सासुरवाडीला, वैभववाडीला जातो. येताना करूळ घाट चढायचा. मागं बायको, दोन्ही बाजूंच्या बॅगांत तांदूळ आणि नारळ. गाडी तिसऱ्या गिअरला गुदमरते, दुसऱ्याला टाकली की नुसती ओरडते. वर गगनबावड्यात चहाला थांबलो की पिंढरीला धग लागते.

त्यात सध्या उसाचा सीझन. मागच्या रविवारी कळ्याच्या अलीकडं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ओलांडायला उजवीकडं निघालो. थ्रॉटल पार शेवटपर्यंत पिळलं तरी दुसरी ट्रॉली काही मागं पडेना. समोरून एसटी. गपकन मागं आलो. घर येईपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही.

ओळखीच्या एकाकडं ५०० चा जुना ब्लॉक (सिलिंडर), पिस्टन आणि हेड आहे. मेकॅनिक म्हणतो दोन दिवसांत बसवून देतो, ताकद दीडपट. मला ताकद पाहिजेच आहे. पण ही गाडी अजून पंधरा वर्षं चालली पाहिजे, तेही तितकंच पाहिजे. कुणी केलंय का हे?

आरेक्स_भाऊ | १० जानेवारी, रात्री १०:५२

कर की भावा! विचार कसला करायलास? आयुष्यात एकदा तरी ५०० चा दणका घ्यावा माणसानं. नाद खुळा.

पुणेकर_पाहुणा | १० जानेवारी, रात्री ११:१५

सरळ हिमालयन ४५० घ्या. ४५२ सीसी, लिक्विड कूल्ड, ४० घोडे. किंवा ६५० ट्विन घ्या, ऑइल कूलर कंपनीकडूनच येतो. जुन्या इंजिनात पैसे घालण्यापेक्षा ते शहाणपणाचं. ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर आता ४० टक्के जीएसटी आहे, ते मात्र हिशोबात धरा.

सर्जा३५० | १० जानेवारी, रात्री ११:२०

@पुणेकर_पाहुणा, सल्ला पटतो, पण ही गाडी दारातून जाणार नाही. बाबा आता चालवत नाहीत, तरी दर रविवारी फडकं मारायला बसतात.

लेथवाला_उद्यमनगर | ११ जानेवारी, सकाळी ७:३०

शिवाजी उद्यमनगरात माझा लेथ आणि बोअरिंगचं मशीन आहे. हे काम माझ्याकडं येत असतं, त्यामुळं "दोन दिवसांत बसवून देतो" यावर आधी बोलतो.

३५० चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिलिमीटर, ५०० चा ८४. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) दोन्हीचा ९०. स्ट्रोक तोच असल्यामुळं लोकांना वाटतं ब्लॉक काढला, ब्लॉक बसवला, झालं. पण ८४ च्या ब्लॉकचा खालचा गळा ३५० च्या क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या कवचाच्या) तोंडात जात नाही. तोंड मोठं करावं लागतं. त्यासाठी पूर्ण इंजिन खोलून केस मशीनवर चढवायची, सेंटर काढायचं आणि मग कटिंग. इंजिन फ्रेममध्ये ठेवून हँड ग्राइंडरनं तोंड कोरलेलं मी बघितलंय. बुरादा सगळा आत, बेअरिंगात. असल्या कामाला मी हात लावत नाही.

दुसरं म्हणजे पिस्टन जड होतो. ३५० चा क्रँक ३५० च्या पिस्टनला बॅलन्स केलेला असतो. तसाच ठेवला तर ८० च्या पुढं हँडल आणि फूटरेस्ट झिणझिणतात.

तिसरं, पिस्टनच्या डोक्याचं क्षेत्रफळ. ७० ला साधारण ३८.५ चौरस सेंटिमीटर, ८४ ला ५५.४. म्हणजे तेवढ्याच दाबाला कनेक्टिंग रॉडवर आणि बिगएंड बेअरिंगवर बसणारा ठोका १.४४ पट. तुमचं बेअरिंग ६१ हजार किलोमीटर चाललेलं. क्लच प्लेटांनाही तोच हिशोब.

करायचंच तर नीट करा. पण ते दोन दिवसांचं काम नव्हे.

जुना_पाना | ११ जानेवारी, सकाळी ९:०५

मी केलंय. वय ५४, गाडी अजून माझ्याकडंच आहे.

पहिले ४ हजार किलोमीटर स्वर्ग. आंबा घाट चौथ्या गिअरला. कागदावर १९.८ चे २७.२ घोडे आणि २८ चा ४१.३ न्यूटन-मीटर टॉर्क, आणि खरं सांगतो, तो फरक हाताला कळतो. मग मे महिन्यात दुपारी निपाणीच्या पुढं, तवंदी घाटात, मागं मुलगा. आधी "टकटक" सुरू झालं, मला वाटलं चेन. मग गाडी मागून कुणीतरी धरल्यासारखी झाली आणि मागचं चाक लॉक. क्लच दाबला म्हणून दोघं वाचलो. क्लचवर दोन बोटं कायम ठेवायची सवय होती, तिनं वाचवलं.

इंजिन खोललं. पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूला खरवडलेला, रिंगा खाचेत चिकटलेल्या, प्लग पांढराफेक. कारण काय? कार्बोरेटर ३५० चा तसाच, मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) तोच, वर फ्री-फ्लो सायलेन्सर. हवा जास्त, पेट्रोल कमी. असं मिश्रण तापतं. ज्यानं काम केलं त्यानं जेटला हातच लावला नव्हता, आणि मीही विचारलं नाही.

पुन्हा सगळं केलं. मूळ सायलेन्सर, योग्य जेट, क्रँक बॅलन्सिंग, पिस्टनला बरोबर क्लिअरन्स. त्यानंतर ३० हजार झालेत, तक्रार नाही. पण मूळ ठरला होता त्याच्या तिप्पट खर्च आला आणि चार महिने गाडी उभी होती.

भवानी_मंडप | ११ जानेवारी, सकाळी ९:४०

जुना_पाना काका, वाचून अंगावर काटा आला. मी क्लचवर बोटं ठेवत नाही, आजपासून ठेवणार.

सर्जा दादा, वहिनी बोलायला लागल्या का? तेवढ्यासाठी ५०० सीसी लागत नाही, गुजरीत, सराफांकडं, एक चक्कर मारा :)

सर्जा३५० | ११ जानेवारी, सकाळी १०:१०

@भवानी_मंडप, बोलते आता. पण पुढच्या वेळी एसटीनं जाऊ म्हणाली, ते मनाला लागलंय.

गुळाचा_खडा | ११ जानेवारी, दुपारी १:३०

आमचं गुऱ्हाळ हाय, त्यातलं सांगतो. काहिल तीच ठेवून चुलवणात जाळ वाढवला तर गूळ लवकर होत न्हाई, करपतो. जाळ वाढवायचा तर काहिल मोठी पाहिजे आणि ढवळणारा माणूसबी वाढवाय पाहिजे. इंजिनाच्या पत्र्या (फिन्स) तेवढ्याच आणि आत जाळ दीडपट, मग करपायचंच की.

आज्ज्याच्या विहिरीवर ऑइल इंजिन होतं. त्याला टाकीचं पाणी फिरायचं, दिवसभर एका लयीत टुकटुक. बारा-बारा तास चालायचं. त्याला कधी कुणी पळवलं न्हाई म्हणून ते टिकलं.

फिन्सवाली | ११ जानेवारी, रात्री ८:२०

मेकॅनिकल शिकवते, त्यामुळे राहवलं नाही. गुळाचा_खडा यांचं उदाहरण मी वर्गात वापरणार आहे, परवानगी असावी.

पेट्रोलमधल्या एकूण उष्णतेपैकी पाव ते एक तृतीयांश भागच आपल्या कामी येतो. बाकीची सायलेन्सरमधून, फिन्सवरून आणि ऑइलमधून बाहेर जाते. एअर कूल्ड इंजिनाला वाऱ्याशिवाय दुसरा आधार नाही. आणि घाटात नेमकं उलटं होतं: ताकद जास्त मागतो, वेग कमी असतो, वारा कमी. त्यात मागून वारा असेल तर फिन्सजवळ हवा जवळजवळ स्थिर. म्हणून घाटमाथ्यावर धग लागते.

जुना_पाना | ११ जानेवारी, रात्री ९:००

ताई, एक शंका. सपाट रस्त्यावर ८० च्या वेगाला जेवढे घोडे लागतात तेवढेच लागणार, इंजिन ३५० असो नाहीतर ५००. मग ५०० जास्त का तापेल? माझी गाडी हायवेला ८० वर अजिबात तापत नाही. उलट आरपीएम कमी ठेवता येतो.

फिन्सवाली | ११ जानेवारी, रात्री ९:४५

काका, तुमचं बरोबर आहे, मी ते स्पष्ट करायला हवं होतं. जास्तीची ताकद वापरली नाही तर जास्तीची उष्णता फारशी होत नाही. एका वेगानं हायवेला जाणाऱ्याला मोठं इंजिन त्रास देत नाही. त्रास दोन ठिकाणी. एक, दसरा चौकात सिग्नलला उभं असताना, कारण नुसतं आयडल चालायलाही मोठ्या इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं. दोन, जिथं ती ताकद खरोखर पिळून घेतो तिथं, म्हणजे सर्जांचा घाट आणि सर्जांची ट्रॉली.

आणखी एक. वाऱ्याच्या विरोधाला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. ९० वरून ११० ला जायचं तर त्यासाठी सुमारे १.८ पट घोडे लागतात. म्हणून "दीडपट ताकद म्हणजे दीडपट वेग" असं कुणी समजू नये.

आता सर्जा, तुमच्या घाटाचा हिशोब मांडते. गाडी १९० किलोच्या आसपास, दोन माणसं, सामान: एकूण ३५० किलो धरू. चढ बारा फुटाला एक फूट. वेग ताशी ४० किलोमीटर. चढासाठी लागणारं बळ साधारण २८५ न्यूटन. टायर आणि वाऱ्याचे मिळून शंभरेक. एकूण ३९० न्यूटन, गुणिले सेकंदाला ११.१ मीटर. म्हणजे ४.३ किलोवॅट.

साधारण सहा घोडे.

तुमच्या इंजिनाचे कागदावर १९.८ आहेत. उंचीमुळं थोडे कमी धरा, चेन-गिअरमधले थोडे वजा करा. तरीही तिसऱ्या गिअरला ४० च्या वेगाला निरोगी ३५० कडं पुरेसे घोडे शिल्लक असतात. तिनं गुदमरायला नको. तुमची गुदमरते. मला वाटतं प्रश्न ३५० चा नाहीच. मूळ १९.८ मधले काही घोडे वाटेत कुठंतरी गळालेत.

लेथवाला_उद्यमनगर | ११ जानेवारी, रात्री १०:०५

ताईंनी हिशोबानं सांगितलं ते मी कानानं सांगणार होतो. १०० टक्के सहमत.

सर्जा, ५०० चा विषय आठवडाभर बाजूला ठेवा आणि हे बघा. सपाट रस्त्यावर टॉप गिअर, ५० चा वेग, थ्रॉटल एकदम पूर्ण उघडा. आवाज वाढला आणि वेग वाढला नाही तर क्लच घसरतोय. मग मेन स्टँडला लावून मागचं चाक हातानं फिरवा, ब्रेक घासत नाही ना बघा. एअर फिल्टर शेवटी कधी बदलला? कार्बोरेटरचं रबरी डायफ्राम उजेडात धरून बघा, सुईएवढं भोक असलं तरी स्लाइड पूर्ण उचलत नाही.

हे सगळं ठीक निघालं तर कॉम्प्रेशन. पण गेज लावून किक मारू नका. यूसीईला ऑटो डीकॉम्प्रेसर आहे, किकला एक्झॉस्ट वॉल्व्ह थोडा उघडा राहतो, गेज खोटं कमी दाखवतं. त्यावरून लोक चांगली इंजिनं उघडायला लावतात. लीकडाउन करायचं, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा सोडून ती कुठून गळते ते बघायचं. दुकानात या, दाखवतो.

आरेक्स_भाऊ | १२ जानेवारी, सकाळी ८:१५

मी परवा घाईत "कर की" म्हणलो, ते मागं घेतो. माझ्या आरएक्स१०० ला मी १३५ चा ब्लॉक चढवला होता. ९८ सीसी आणि ११ घोड्यांची गाडी, जोतिबाचा डोंगर हसत चढायची. तिला कशाला हात लावला कुणास ठाऊक. तापून दोनदा पिस्टन धरला. शेवटी मूळचा ५० मिलिमीटर बोअरचा ब्लॉक शोधत सहा महिने फिरलो. आता तीच गाडी मूळ रूपात आहे आणि पोरगं किल्ली मागतंय.

एमएच०९ | १२ जानेवारी, सकाळी ११:००

कागदाची बाजू कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर नोंदलेली माहिती कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही. तुमच्या आरसीवर ३४६ सीसी आहे, आत ४९९ होणार. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे कलम असंच वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं १८२-ए आलं: मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

दंडापेक्षा मला विम्याची काळजी वाटते. थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर ठरतो, ३५० पर्यंतचा गट वेगळा आणि वरचा वेगळा. उद्या दुर्दैवानं अपघात झाला आणि सर्व्हेअरनं इंजिन उघडलं तर भांडण सुरू. घरच्यांना मागं बसवून जाता, म्हणून सांगतोय.

जुना_पाना | १२ जानेवारी, सकाळी ११:३०

@एमएच०९, हे मला आज कळलं. आता माझ्या गाडीचं काय करायचं ते शांतपणे विचारतो तुम्हाला, मेसेज करतो.

भवानी_मंडप | १२ जानेवारी, सायंकाळी ६:४५

ऑइल कूलर बाहेरून लावून घेतला तर? माझ्या मैत्रिणीनं लावलाय.

लेथवाला_उद्यमनगर | १२ जानेवारी, रात्री ९:१०

उपयोग होतो, पण चार नवे जॉइंट आणि दोन पाइप वाढतात, आणि त्यातला एक कुठंतरी पाझरतोच. निरोगी ३५० ला गरज नाही. १५डब्ल्यू५० ऑइल वेळेवर बदला आणि फिन्समधला चिखल ब्रशनं काढा. पावसाळ्यानंतर फिन्सच्या फटीत लाल माती सुकून बसते, ती कूलिंग अडवते. ५० रुपयांचा ब्रश लागतो त्याला.

सर्जा३५० | १८ जानेवारी, रात्री ११:००

आज लेथवाला दादांकडं जाऊन आलो. जे बघितलं ते लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

क्लच ठीक. ब्रेक ठीक. डायफ्राम ठीक. एअर फिल्टर काळा, तो बदलला. मग दादांनी प्लग काढला, पिस्टन बरोबर वर आणून ठेवला, दोन्ही वॉल्व्ह बंद. गाडी गिअरमध्ये, मागचा ब्रेक मला दाबून धरायला लावला. प्लगच्या भोकात नळी फिरवून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि म्हणाले, "आता कान लाव."

आधी कार्बोरेटरजवळ कान नेला. काही नाही. म्हणजे इनटेक वॉल्व्ह चांगला. सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक "सssस". एक्झॉस्ट वॉल्व्ह थोडा गळतोय. मग ऑइल भरायचं झाकण उघडलं आणि तळहात वर धरला. अक्षरशः गरम चहावर फुंकर मारावी तसा वारा हाताला लागला. दादा म्हणाले, "हे तुझे घोडे. रिंगांवरून खाली चाललेत."

एवढी वर्षं मी म्हणत होतो की ३५० ला दमच नाही. दम होता, बाहेर चालला होता. पुढच्या आठवड्यात इंजिन उघडतोय.

फिन्सवाली | १८ जानेवारी, रात्री ११:२०

सुंदर लिहिलंत. आणि धगीचं कारणही तेच: रिंगा गळायला लागल्या की जळता वायू थेट खाली ऑइलमध्ये जातो आणि ऑइल तापतं. शिवाय पिस्टनची बरीचशी उष्णता रिंगांमधूनच ब्लॉकला जाते. रिंगा नीट टेकल्या नाहीत तर तो रस्ताच अरुंद होतो.

सर्जा३५० | २६ जानेवारी, दुपारी ४:३०

इंजिन उघडलं. बोअर वरच्या भागात खाल्लाय, नख लावलं की काठ लागतो. नुसत्या रिंगा टाकून भागणार नाही, बोअर मारावाच लागणार. आता पुन्हा तोच प्रश्न समोर: नाहीतरी इंजिन खोललंच आहे, मग ५०० करून टाकू का? आज पूर्ण सकाळ त्यातच गेली.

शेवटी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मला ही गाडी किती पळते ते माहीत नाही. तुम्ही दोघं वेळेवर घरी येता, एवढं माहीत आहे." ओव्हरसाइझ पिस्टनची ऑर्डर दिली. ०.५० चा, म्हणजे बोअर ७०.५. एक्झॉस्ट वॉल्व्हला लॅपिंग (घासून नीट बसवणं), वॉल्व्ह सील नवीन.

लेथवाला_उद्यमनगर | २६ जानेवारी, रात्री ८:००

पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर मारणार नाही. डब्यावर ०.५० लिहिलेलं असलं तरी प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरनं मोजायचा आणि त्याच्या मापानं ब्लॉक होन करायचा (आतून बारीक घासायचा). घाई करू नका, दोन दिवस जास्त लागले तर लागू देत.

आरेक्स_भाऊ | २६ जानेवारी, रात्री ८:१०

७० चा ७०.५ म्हणजे ३५१ सीसी झाली की भावा. पाच सीसी वाढली, पेढे दे!

सर्जा३५० | २२ फेब्रुवारी, रात्री ९:५०

पहिले ५०० किलोमीटर ५०-६० च्या आत चालवली, ऑइल बदललं, मग हळूहळू मोकळी केली. आज वैभववाडीहून परत आलो. सामान नेहमीचंच, वर सासूबाईंनी फणसाच्या सांडग्यांची पिशवी दिलेली.

करूळ घाट. तिसरा गिअर, ४० चा काटा. थ्रॉटल अर्ध्याच्या थोडं पुढं. एका तीव्र वळणावर दुसरा टाकला, बाकी तिसरा. फिन्सवाली ताईंचे सहा घोडे मोजत मोजत वर आलो. बावड्यात थांबलो तेव्हा इंजिन गरम होतंच, एअर कूल्ड आहे, असणारच. पण पाय काढून घ्यावा लागला नाही.

साळवणच्या पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर होता. मागं थांबलो. रस्ता लांबवर सरळ आणि रिकामा दिसल्यावर तिसऱ्याला टाकून निघालो आणि पुढं गेलो. ५०० असती तर अजून लवकर गेलो असतो, हे मान्य करतो. पण थांबायचं किती आणि निघायचं कधी, हे आता गाडीवर विश्वास असल्यामुळं ठरवता येतं. कळ्यात चहा प्यायलो. बायको म्हणाली, पुढच्या महिन्यात याच गाडीनं जाऊ.

लेथवाला दादा, ताई, काका, सगळ्यांचे मनापासून आभार.

जुना_पाना | २२ फेब्रुवारी, रात्री १०:१५

वाचून फार बरं वाटलं पोरा. एक विचारायचं होतं. तो ५०० चा जुना ब्लॉक अजून त्या ओळखीच्याकडं आहे का? एका मित्राची मूळ ५०० आहे, आरसीवरही ५००. त्याचा ब्लॉक मर्यादेपलीकडं गेलाय आणि चांगला मिळेना.

सर्जा३५० | २२ फेब्रुवारी, रात्री १०:२०

आहे काका, तसाच गोणपाटात गुंडाळून ठेवलाय. रविवारी मित्राला घेऊन या, आधी लेथवाला दादांकडं मोजून घेऊ.